नाव घेतलं की थांबते

२ नोव्हेंबर, रविवार

आले एकदाची सोलापुरात!

जेऊरच्या स्टेशनावर आईने डोळ्यांना पदर लावला, अप्पांनी माझ्या बॅगेची चेन तीनदा तपासली, आणि आमच्या आदिनाथाने, वय वर्षं एकोणीस, अक्कल वर्षं नऊ, जाहीर केलं की आता घरातला चार्जर त्याच्या एकट्याचा. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि कुर्डुवाडीपर्यंत रडले नाही. पुढचं लिहीत नाही.

चोवीस वर्षांत मी घराबाहेर राहिलेली नाही. डीएमएलटीसुद्धा रोज एसटीने ये-जा करून केली. आता सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये नोकरी लागलीय, रक्त काढायचं आणि तपासायचं. अप्पा मोटारी रिवाइंड करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे, त्यामुळे आमच्यात पांढरा कोट घालणारी मीच पहिली. आईचं अख्ख्या आळीला सांगून झालंय की आमची अंकिता आता शहरात नोकरीला.

खोली बाळीवेशीच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर. खाली कडक भाकरीचं काम चालतं. तीन बायका सकाळपासून ज्वारीच्या भाकरी थापतात, शेकून शेकून पापडासारख्या कडक करतात आणि पाकिटं भरतात. जिन्यात, उशीत, टॉवेलात, सगळीकडे भाजल्या ज्वारीचा वास. मला आवडला.

घरमालकीण शरणम्मा. सत्तरीच्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, मूळच्या अक्कलकोटच्या पलीकडच्या. मराठी बोलता बोलता कन्नडात शिरतात आणि परत यायचं विसरतात. दारातच थांबवून त्यांनी घरची चौकशी केली. घरी कोण कोण, मैत्रिणी कोण, कुणाचा जीव आहे तुझ्यावर. मी एकेक नाव सांगत गेले. आई, अप्पा, आदिनाथ आणि बालवाडीपासूनची माझी इफ्रा, जिच्या वडिलांचे टेंपो आहेत. शरणम्मा डोळे मिटून ऐकत होत्या, कीर्तनाला बसल्यासारख्या. मग म्हणाल्या की मला अव्वा म्हण, सगळ्या म्हणतात. अव्वा म्हणजे त्यांच्या भाषेत आई. मी म्हटलं, मला एक आई आहे, तेवढी पुरते. त्या खूप हसल्या. तोंडात एकच दात आहे आणि तोसुद्धा हसतो.

घरची आठवण येईल म्हणून घाबरू नको, असंही म्हणाल्या. "हितं ऱ्हायलेल्या पोरींचं म्हैन्याभरात निवतंय समदं."

चला, सोयच झाली.

४ नोव्हेंबर

लॅबमधली माणसं बरी आहेत. दोन दिवसांत तीसेक जणांचं रक्त काढलं, एकालाही दोनदा टोचावं लागलं नाही. सगळे म्हणतात माझा हात हलका आहे.

संध्याकाळचं मात्र अवघड आहे. आमच्याकडे सहाच्या सुमाराला गाडी जाते. ती गेली की आई कुकर लावते, घड्याळ कधी बघत नाही. काल सहा वाजता मी जिन्यात उभी राहून कशाची तरी वाट बघत होते. बऱ्याच वेळाने कळलं की कुकरच्या शिट्टीची. मग मात्र असं रडू कोसळलं की लहान मुलासारखे हुंदके आले. एवढी घोडी झाले तरी!

उपाय चालू आहेत. आईच्या जुन्या पातळांची गोधडी आणलीय, ती नाकापर्यंत ओढून झोपते. शिवाय आईला सांगून ठेवलंय की स्वयंपाक करताना फोन ओट्यावर नुसता चालू ठेव, बोलू नकोस. अर्धा तास मी भांड्यांचे आवाज ऐकत पडते. आज फोडणी कशाची होती हे मी चुरचुरण्यावरून ओळखलं. पाठीमागून आदि ओरडत होता की दीदीला म्हणावं वासही पाठवू का.

५ नोव्हेंबर

आज गंमत झाली. जेवण खाली शरणम्मांकडे असतं, भाकरीच्या बायकांबरोबर. दुसराच घास घेतला आणि उचकी लागली. पाणी प्यायले, श्वास कोंडला, काही नाही. कुणीतरी आठवण काढतंय, दुसरं काय! मी नाव घ्यायला तोंड उघडलं तर शेजारी बसलेल्या मायाक्काने पिठाचा हात सरळ माझ्या तोंडावर दाबला. ही मायाक्का पंचेचाळिशीची, मूळची मोडनिंबची, बोलते फार कमी. मला आधी वाटलं हिला वेडबिड लागलं. शरणम्मांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी तिने हात काढला आणि मान खाली घालून जेवायला लागली.

मग शरणम्मा लाडाने म्हणाल्या, "नाव घे की. थांबंल."

मी म्हटलं, आई. थांबली नाही. पोटची पोर परगावी आणि बाईसाहेबांना आठवणही नाही! अप्पा म्हटलं, तरी नाही. इफ्रा, नाही. शेवटी वैतागून आदिनाथ म्हटलं आणि उचकी कट्कन थांबली. चार्जरवरून भांडणारा आमचा बोका! त्याला सगळ्यांच्या आधी माझी आठवण आली. मला इतकं बरं वाटलं की मी एक भाकरी जास्त खाल्ली.

६ नोव्हेंबर

आईला फोनवर सुनावलं की तुझ्या नावाने उचकी थांबली नाही, तू मला विसरलीस. ती आधी हसली, मग सांगितलं की जेवणाच्या वेळी ती मुद्दाम माझी आठवण काढत नाही. "लेकराच्या घशात घास अडकतुया. मी आपलं दुसऱ्याच कशाचं तरी चित्तात आनती." म्हणे दुपारी अंगणवाडीत भांडी घासताना काढते, तेव्हा मी जेवत नसते.

माझी आई ही अशी आहे. आठवण काढायचीसुद्धा वेळ ठरवते.

आदि फोनवर आला नाही. मित्रांकडे असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसले. सगळीकडे घरची माणसं घेऊन आलेली माणसं. एक बाई पोराच्या मागे घास घेऊन पळत होती आणि मी इतकी टक लावून बघत होते की ती बिचारी दचकली.

आदि मेसेजला उत्तर देत नाही. उघडून बघतो आणि गप्प. आई सांगत होती, त्याने नवीन सोंग काढलंय. माझं नाव निघालं की कोण अंकिता म्हणून विचारतो आणि चेहराही हलू देत नाही. आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी म्हटलं, माझ्याकडून आणखी एक घाल. नालायक! पण चार दिवस झाले, इतकं ताणण्यासारखं काय आहे त्यात?

११ नोव्हेंबर

कामावरून आले, जिन्यावर पाय ठेवला आणि उचकी. शरणम्मा खाली बाजेवर बसून शेंगा निवडत होत्या. मी न विचारताच म्हणाल्या, नाव घे. आई आत्ता काढणार नाही हे आता माहीत आहे, म्हणून तिला सोडूनच दिलं. आदिनाथ म्हटलं, आज काही उपयोग नाही. अप्पा, नाही. इफ्रा म्हटलं आणि थांबली.

शरणम्मांनी मान डोलावली आणि एक शेंग तोंडात टाकली. मायाक्का आत भाकरी थापत होती, तिचा थापण्याचा आवाज एकदम बंद झाला. मी डोकावले तर ती परातीकडे नुसती बघत बसली होती.

१३ नोव्हेंबर

इफ्राला लिहिलं की परवा सहा वाजता तू माझी आठवण काढलीस, खरं की नाही? तिचं उत्तर आलं, "आपण कोण? नंबर सेव्ह नाही." मी शिव्या पाठवल्या. मग आमचा दहावीचा फोटो पाठवला, ज्यात आम्ही दोघी एका छत्रीत आहोत. तिने लिहिलं, माझा फोटो तुमच्याकडे कसा? आणि ब्लॉक केलं.

वीस वर्षांची मैत्री आहे. ईदला मला पहिली वाटी त्यांच्याकडून येते. मी काय केलं असेल? रात्रभर आठवून बघितलं, काही सापडलं नाही. लांब गेलेलं माणूस लोकांना इतक्या लवकर नकोसं होतं का?

सकाळी शरणम्मांनी माझे सुजलेले डोळे बघितले. म्हणाल्या की होतं असं, लागून जाईल सवय. माझ्या केसांना तेल लावून दिलं. त्यांचे हात फार मऊ आहेत.

१५ नोव्हेंबर

काय झालं ते सरळ लिहिते.

सकाळी चहाबरोबर भाकरीचा तुकडा मोडला आणि उचकी लागली. शनिवारी सकाळी अप्पा दुकान उघडायच्या आधी निवांत बसतात, म्हणून पहिल्यांदा त्यांचंच नाव घेतलं. अप्पा. थांबली. मला भरून आलं, कारण अप्पा तोंडाने कधी काही बोलत नाहीत. लगेच फोन लावला, की सांगावं, पकडलं तुम्हाला.

त्यांनी विचारलं कोण पाहिजे. मी म्हटलं, अप्पा, मी. ते म्हणाले कोण मी. मी नाव सांगितलं. ते रागावले नाहीत. वायरिंगचं काम विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं शांतपणे म्हणाले, "ताई, नंबर चुकला बगा तुमचा. आमाला एकच पोरगा हाय. पोरगी न्हाय आमाला."

ताई.

मला ताई म्हणाले.

फोन ठेवून वळले तर शरणम्मा मागेच उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून बोटावर काहीतरी मोजत होत्या. म्हणाल्या, "आता येकच ऱ्हायली."

१६ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन. ती न्हाणीघरात जाऊन हळू आवाजात बोलत होती. अप्पा आणि आदि दोघंही म्हणतात की आपल्याला मुलगी नाही. तिने माझे फोटो, माझा दाखला, माझी शाळेची बॅग काढून दाखवली. त्यांनी फोटो बघितले आणि एकमेकांकडे बघितलं. आदिने गावच्या ग्रुपवर माझा नंबर टाकलाय की ही बाई फसवणूक करते, मोबाइलवर खोटे फोटो बनवते, हिच्यापासून सावध राहा. आळीतले म्हणतात, तुमच्या घरातलं तुम्ही बघा. मी निघाले म्हटलं तर आई म्हणाली आत्ता येऊ नको, अप्पा पोलिसांचं बोलताहेत, दोन दिवस दे, मी समजावते त्यांना.

दुपारी मायाक्का गच्चीवर एकटी भाकरी उन्हात मांडत होती. मी जाऊन तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. तिने सांगितलं. जिन्याकडे बघत बघत, तुटक तुटक.

उचकी थांबते म्हणजे काय होतं? आठवण काढणारं माणूस आठवण काढायचं थांबतं. बाहेर सगळं जग नाव घेतं, तिथे दोन घटका थांबतं. या घरात थांबलं की कायमचं. आणि या घरची भाकरी पोटात गेली की मग कुठेही जा, तेच. आपल्याला मात्र सगळं आठवत राहतं.

ती वीस वर्षांपूर्वी इथे आली तेव्हा तिची मुलगी दोन वर्षांची होती, सासूपाशी ठेवलेली. रोज दुपारी उचकी लागायची. दोन वर्षांचं लेकरू दुसरं काय करणार! अव्वा म्हणाली नाव घे, हिने लेकीचं नाव घेतलं. मागच्या वर्षी भाजी मंडईत ती मुलगी दिसली, लग्न झालेली, कडेवर पोर. हिने थांबवून पोराच्या गालाला हात लावला. मुलीने पोर पटकन दुसऱ्या कडेला घेतलं.

मी विचारलं, मग पळून का नाही गेलीस? ती म्हणाली बाहेर गेलं की अव्वा आठवण काढते. उचकी सुरू होते. घरी परत आलं की थांबते. तिघींचंही असंच. मी म्हटलं, मग अव्वाचंच नाव का नाही घेत? ती नुसती भाकरी उलटत राहिली.

म्हणजे हे मी केलं. माझ्या भावाला, माझ्या इफ्राला, माझ्या अप्पांना मी माझ्या तोंडाने पुसलं. हसत हसत. जास्तीची भाकरी खाऊन.

१७ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता सुरू झाली. थांबत नाही.

ही आई आहे. आता वेळ पाळत नाही ती. घरातले दोघं म्हणतात अशी कुणी नाहीच, म्हणून ती मला घट्ट धरून बसलीय. बसता उठता. धरू दे. मी नाव घेणार नाही.

बॅग भरून लॅबच्या स्टोअररूममध्ये झोपायला आले. शरणम्मांनी अडवलं नाही. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, पाणी पीत जा.

१८ नोव्हेंबर

तीस तास. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. गोळ्या दिल्या. काही नाही. बरगड्या ठणकतात. घास गिळता येत नाही. झोपले की हिसक्याने जाग येते.

आईचा फोन आला. मी बोलले, पण तिला हाक मारली नाही. तिच्या लक्षात आलं.

१९ नोव्हेंबर

आज कामावर एका माणसाला सुई टोचली. धट्टाकट्टा, मिशीवाला. सुई आत गेली आणि तो जे बोलला ते ऐकून माझ्या हातातली सिरिंज पडली.

सगळेच म्हणतात. म्हातारे, पोरं, पोलीस. लागलं की, चटका बसला की, ठेच लागली की. ज्यांच्या आया कधीच्या मेल्यात तेसुद्धा. मी रोज ऐकते आणि कधी ऐकलंच नव्हतं.

माझ्याही तोंडात तो शब्द तयार बसलेला असणार. मी घेतला नाही तरी तो येईल.

हळू चालते. भिंतीला धरून. गरम काही हातात घेत नाही.

२० नोव्हेंबर

तोंडावर मायक्रोपोरची चिकटपट्टी लावली. लॅबमध्ये सांगितलं दात दुखतो. त्यांनी घरी पाठवलं. कुठलं घर—

तिचा फोन. वहीतसुद्धा तो शब्द लिहायचा नाही आता. ती रडत होती. शनिवारी तिला डोक्याच्या डॉक्टरकडे नेणार आहेत. म्हणाली, "येकदा हाक मार की मला. हे म्हनत्यात तू माज्या मनाचा खेळ हाईस. येकदा हाक मार, म्हंजी मला खातरी पटंल."

मी पट्टी दाबून धरली. नुसत्या उचक्या ऐकवल्या तिला. दुसरं काय देऊ?

ती म्हणाली, माजी पोरगी आसती तर बोलली आसती.

मग म्हणाली, न्हाय न्हाय, चुकलं माजं. तूच हाईस. तूच हाईस.

२१ नोव्हेंबर

उद्या तिला न्यायच्या आत पोचलं पाहिजे. तिने डोळ्यांनी बघितलं की—

चिठ्ठी लिहून ठेवली. मीच आहे. बोलता येत नाही. आत घे.

उद्या पहिली गाडी. पट्टी दुहेरी.

२२ नोव्हेंबर, जेऊर स्टेशन, दुपार

उजव्या हाताने लिहिता येतंय. डावा बांधलाय.

नऊ वाजता पोचले. गेट बंद होतं. आत रिक्षा उभी, तिला न्यायला. तिने मला लांबून बघितलं आणि धावत आली. चप्पल नाही पायात. गजांतून चिठ्ठी घेतली, वाचली, माझ्या गालाला हात लावला. ओळखलं! माझ्या उचकीबरोबर तिचा हात हलत होता. ती वळून ओरडली की बघा, हीच, हीच माझी पोर. अप्पा म्हणाले हात लावू नको त्या बाईला. आदि म्हणाला तोंडाला पट्टी का लावलीय बघ, टोळी असते यांची.

ती म्हणाली, काढ ते तोंडाचं. ह्यांच्या म्होरं येकदा म्हन. मी मान हलवली. ती हात जोडायला लागली. मला. मी मान हलवत राहिले. मग तिनेच हात बाहेर काढून पट्टी ओढली, हळू, मला दुखू नये म्हणून कडेकडेने. आणि कडी काढली. मी गेट धरलं, आत पाऊल टाकणार—

आदिने गेट ढकललं. सगळ्या जोराने. माझी चार बोटं मध्ये.

आई गं!

तिचा चेहरा असा फुलला. मागे वळून म्हणाली, "म्हनली! ऐकलं का? आई म्हन—"

तिथेच.

उचकी थांबली. पाच दिवसांनी. किती शांत वाटलं सगळं.

ती हातातल्या पट्टीकडे बघत होती, की ही कुठून आली. मग माझ्याकडे. माझ्या बोटांकडे. म्हणाली, "अगं बया! कोन वो तुमी? लई लागलं व्हय?"

तिने मला ओट्यावर बसवलं. हळद आणली. स्वतःच्या पदराची पट्टी फाडून बांधली. आदिला रागावली की परक्या बाईला असं करतात का. आदि सॉरी म्हणाला. अप्पांनी पाणी दिलं. सगळे किती चांगले आहेत. सगळे किती खूश होते, रिक्षा परत पाठवली, कारण आता कुणालाच डॉक्टरकडे न्यायचं नव्हतं.

मी आई म्हणाले. पुन्हा म्हणाले. दहा वेळा म्हणाले असेन. तिला वाटलं बोटं दुखताहेत. पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जावा बाई आता घरी. तुमची आई वाट बगत आसंल."

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ

बाकावरच आहे. सहाची गाडी गेली. तिकडे कुकर लागला असेल.

आत्ता, या क्षणी, उचकी सुरू झाली.

कोण ते माहीत आहे. तिकडे बाजेवर बसून, डोळे मिटून. माझी आठवण काढणारं आता जगात एकच माणूस उरलंय. मायाक्का का गप्प बसली ते कळलं.

गेले तर भाकरी थापायची, जन्मभर. नाव घेतलं तर सुटले. पण मग मी कोण आहे हे कुणालाच— एकालाही—

सोलापूरची गाडी आलीय. थांबली आहे. दार समोरच.

उचकी वाढतेय. तोंडाशी आलंय नाव. दोन अक्षरं. अव्